माजी सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांपर्यंत ट्रॉमा थेरपी पोहोचवायची असेल, तर सुरुवात कुठून करावी

माजी सैनिकांसाठी मानसिक आरोग्याचं काम सुरू करायचं ठरलं, की पहिल्या बैठकीत हमखास एकच विषय निघतो: थेरपिस्ट कुठून आणायचे? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. उद्या सकाळी एखाद्या माजी सैनिकाच्या पत्नीने फोन केला, तर तो कोण उचलणार, तिला काय सांगणार आणि पहिली भेट किती दिवसांत देणार? ट्रॉमावर, म्हणजे मनावर झालेल्या खोल आघातावर, चांगले उपचार आज माहीत आहेत, त्यांचा अभ्यासही झालेला आहे. माणसं गळतात ती पहिला फोन आणि तिसरं-चौथं सेशन यांच्या मधल्या टप्प्यात.

२००८ साली अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांची मोठी पाहणी केली. पाचांतल्या जवळपास एकामध्ये पीटीएसडी (भयानक प्रसंगानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) किंवा नैराश्याची लक्षणं सापडली. त्यातल्या साधारण निम्म्यांनीच मदत मागितली होती, आणि ज्यांनी मागितली त्यांच्यातल्या निम्म्यांनाच किमान पुरेसे म्हणावेत असे उपचार मिळाले होते. म्हणजे गरज असलेल्या चौघांपैकी एकाचं काम झालं. जोडीदारांची गोष्ट तर बहुतेक ठिकाणी कुणी मोजतही नाही.

माजी सैनिकांची संघटना चालवणारे, समुपदेशक, छोट्या संस्थेचे कार्यकर्ते, किंवा स्वतः अशा घरातून आलेली माणसं, यांना आपल्या भागात हे काम उभं करायचं असेल तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. आपलं काम कुठे संपतं आणि तज्ज्ञांचं कुठे सुरू होतं, एवढं मात्र पक्कं माहीत हवं.

पायरी १: दुखणं कोणतं, ते आधी समजून घ्या

पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं होतं. पण आज ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो, ते निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत आलं ते थेट १९८० साली, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी बरीच वर्षं लावून धरल्यानंतर.

लक्षणांचे ढोबळमानाने चार गट आहेत. घटना पुन्हा पुन्हा समोर येणं, म्हणजे भयानक स्वप्नं किंवा जागेपणी तेच दृश्य. त्या घटनेची आठवण करून देणारी ठिकाणं, माणसं, बातम्या टाळणं. मन बधिर होणं, अपराधी वाटणं, कुणावरच विश्वास न उरणं. आणि शरीर सतत तयारीत राहणं: दचकणं, चिडणं, झोप न लागणं. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागलं, तर तपासणी व्हायला हवी.

इथे नवख्या माणसाचे दोन गैरसमज असतात. एक, की युद्ध पाहिलेल्या प्रत्येकाला पीटीएसडी होतो. तसं मुळीच नाही, बहुतेकांना होत नाही. दुसरा, की सैनिकाचं प्रत्येक दुखणं म्हणजे पीटीएसडीच. स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला झालेली इजा, दारू, नैराश्य, सोबत्याच्या मृत्यूचं दुःख, सेवेत असताना झालेला लैंगिक अत्याचार, या प्रत्येकाची वाट वेगळी आहे. आपल्या सद्सद्विवेकाविरुद्ध काहीतरी घडलं, आपण केलं किंवा होऊ दिलं, ही टोचणी तर आणखी वेगळी. तिला ‘नैतिक आघात’ म्हणतात. त्या माणसाला भीती वाटत नसते, लाज वाटत असते, आणि ‘तुमची काही चूक नव्हती’ या वाक्याने तो हमखास आणखी मिटून बसतो. म्हणून निदान तुम्ही करू नका. तुम्ही फक्त योग्य दारापर्यंत न्या.

पायरी २: जोडीदाराची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल, तर ही पाळा.

बहुतेक उपक्रमांत जोडीदाराला ‘सैनिकाला मदत करणारी व्यक्ती’ म्हणून बोलावलं जातं. तिला माहितीपत्रक मिळतं, कुटुंबीयांच्या बैठकीत खुर्ची मिळते, ‘धीर धरा’ असा सल्ला मिळतो. तिचं स्वतःचं काय चाललंय हे कुणी विचारत नाही. तिकडे तिने वर्षानुवर्षं घर एका विशिष्ट आवाजात चालवलेलं असतं. भांडं पडू नये, दार आपटू नये, मुलांनी ओरडू नये. रात्री त्याचा हात झोपेत उगारला जातो म्हणून ती दुसऱ्या खोलीत झोपते, आणि हे बहिणीलाही सांगत नाही. समारंभाची आमंत्रणं तीच नाकारते, कारणंही तीच शोधते.

या सगळ्यामागे प्रेम आहे. पण उपचाराच्या दृष्टीने यात एक अडचण आहे, आणि ती तिला हळुवारपणे पण स्पष्ट सांगावी लागते. टाळण्याने पीटीएसडी टिकतो. घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यासाठी टाळायची सोय करून देत गेलं, तर त्याचं जग आणखी आक्रसतं, आणि सोबत तिचंही. ही तिची चूक नाही. तिला दुसरा मार्ग कुणी दाखवलेला नसतो.

शिवाय आघात तिचा स्वतःचाही असू शकतो. मृत्यूची खोटी बातमी आलेली ती रात्र, घरातली मारहाण, त्याचा आत्महत्येचा प्रयत्न तिनेच पाहिलेला असणं. २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-ग्रंथानुसार जवळच्या माणसावर गुदरलेल्या हिंसक किंवा अपघाती प्रसंगाची बातमी कळणं हेही आघाताच्या व्याख्येत बसतं. तेव्हा तिला पीटीएसडी असू शकतो, आणि तिला आधारगट नव्हे तर पूर्ण उपचार लागू शकतात.

प्रत्यक्षात करायचं ते असं. जोडीदाराचं नाव स्वतंत्र नोंदवा, फाइल स्वतंत्र, संमतिपत्र स्वतंत्र, शक्यतो थेरपिस्टही स्वतंत्र. सैनिक यायला तयार नसला तरी जोडीदाराला पूर्ण सेवा मिळेल, हे लेखी धोरण म्हणून ठरवा. तिने सांगितलेलं त्याला आणि त्याने सांगितलेलं तिला परवानगीशिवाय कळणार नाही, हे दोघांनाही वेगवेगळं सांगा. विधवा, विधुर आणि घटस्फोटित जोडीदार तुमच्या नियमांत बसतात का तेही पाहा, कारण सरकारी योजनांतून त्यांची नावं सर्वांत आधी गळतात. आणि माहितीपत्रकात ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ छापा. महिला सैनिकांचे नवरे अशा ठिकाणी आधीच संकोचून येतात, त्यात पत्रकावर आपला उल्लेखच नाही असं दिसलं तर दारातूनच परत जातात.

हे अशक्य नाही. अमेरिकेत १९७९ पासून चालणाऱ्या ‘व्हेट सेंटर’मध्ये रुग्णालयापासून वेगळ्या जागेत सैनिकांसोबत कुटुंबीयांचंही समुपदेशन होतं. ऑस्ट्रेलियात व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठी १९८२ मध्ये सुरू झालेली समुपदेशन सेवा आज ‘ओपन आर्म्स’ या नावाने चालते, आणि तिथे जोडीदार व मुलंही स्वतःच्या हक्काने येतात.

पायरी ३: कोणते उपचार खरे, ते ओळखायला शिका

तुम्ही थेरपी देणार नसाल, तरी कुठे पाठवायचं हे तुम्हीच ठरवणार आहात. म्हणून समोरच्या थेरपिस्टला ‘ट्रॉमासाठी नेमकी कोणती पद्धत वापरता?’ हे विचारता यायला हवं. ‘आम्ही सगळं मिसळून वापरतो’ एवढंच उत्तर आलं, तर पुढे चौकशी करा.

अमेरिकेच्या संरक्षण आणि माजी सैनिक खात्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तीन वैयक्तिक थेरपींची ठाम शिफारस आहे.

पहिली, प्रोलाँग्ड एक्स्पोजर. एडना फोआ यांनी ती विकसित केली. साधारण ८ ते १५ सेशन्स, बरीचशी दीड तासाची. यात दोन कामं असतात. एक, सुरक्षित खोलीत थेरपिस्टसमोर ती आठवण पुन्हा पुन्हा, तपशिलाने सांगणं. दुसरं, टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जाणं. समजा एखादा माजी सैनिक गर्दीच्या सभागृहात जात नाही, गेलाच तर भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसतो. त्याची यादी अशी बनते: आधी अर्ध्या रिकाम्या सभागृहात दाराजवळची खुर्ची, मग मधली रांग, मग भरलेल्या सभागृहात मधली रांग, आणि सर्वांत शेवटी पाठीमागे अनोळखी माणसं बसलेली असताना पुढची खुर्ची. प्रत्येक ठिकाणी भीती खाली उतरेपर्यंत थांबायचं, मध्येच उठून जायचं नाही. हे जोडीदाराला माहीत असलं तर ‘चला, आता निघू या’ असं म्हणण्याऐवजी ती शेजारी बसून राहू शकते. तेवढ्यानेही उपचाराला मोठा हातभार लागतो.

दुसरी, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. पॅट्रिशिया रेसिक यांनी ती मुळात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठी विकसित केली, नंतर सैनिकांसाठीही ती उपयोगी ठरली. साधारण १२ सेशन्स. इथे भर असतो तो मनात रुतून बसलेल्या विचारावर. ‘मी त्या दिवशी दुसरा रस्ता घेतला असता तर तो वाचला असता.’ थेरपिस्ट हा विचार खोडून काढत नाही. त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होतं, कोणते पर्याय समोर होते, किती सेकंद हाताशी होते, असं विचारत जातो, आणि माणूस स्वतःच त्या वाक्याकडे नव्याने पाहू लागतो.

तिसरी, ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांची पद्धत, १९८९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली. आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवीकडे हालचाल करायची असते. सगळं शब्दांत मांडणं ज्यांना जड जातं, त्यांच्यापैकी काहींना ही सोयीची वाटते.

याखेरीज एक पद्धत नवख्या संस्थांनी जरूर पाहावी: लेखनातून एक्स्पोजर. डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांनी ती तयार केली. पाच सेशन्स, प्रत्येकात अर्धा तास त्या घटनेबद्दल लिहायचं, घरचा अभ्यास नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती १२ सेशन्सच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीपेक्षा कमी ठरली नाही, आणि उपचार मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण तिच्यात कितीतरी कमी होतं. वेळ कमी, थेरपिस्ट कमी आणि वेटिंग लिस्ट लांब असेल, तर ही पद्धत शिकलेला माणूस शोधणं फार मोलाचं आहे.

दोघांनी मिळून करायची थेरपीही आहे. कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन यांची, १५ सेशन्सची. २०१२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ४० जोडप्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात पीटीएसडीची लक्षणंही उतरली आणि नात्यातलं समाधानही वाढलं. घरात गंभीर मारहाण असेल तर मात्र ही थेरपी नको. तिथे आधी सुरक्षा.

औषधांबद्दल तुम्ही सल्ला देऊ नका, पण दोन गोष्टी कानावर असू द्या. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही या आजारात शिफारस केलेली औषधं आहेत. आणि अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत, असं वर उल्लेखलेली अमेरिकेची २०२३ ची तत्त्वंच सांगतात. कुणी त्या वर्षानुवर्षं घेत असेल तर डॉक्टरांशी बोलायला सांगा. अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

आता एक कळकळीची विनंती. माजी सैनिकांना किंवा त्यांच्या पत्नींना गोलात बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणत प्रत्येकाकडून अनुभव वदवून घेणारं एक दिवसाचं शिबिर भरवू नका. आघाताची उजळणी एका बैठकीत करून पुढे काहीच न देणं उपयोगाचं नाही, काहींना ते त्रासाचंच ठरतं. शिबिर घ्यायचंच असेल तर लक्षणं, उपचार आणि अपॉइंटमेंट कशी घ्यायची याची माहिती द्या. अनुभव थेरपिस्टच्या खोलीसाठी राखून ठेवा.

पायरी ४: माणसं जमवा

चार भूमिका लागतात: थेरपी देणारे, औषधं पाहणारे मानसोपचारतज्ज्ञ, सोबत करणारे माजी सैनिक आणि जोडीदार, आणि एक समन्वयक. यातला समन्वयक सर्वांत आधी नेमा, आणि जमेल तसं त्याला मानधन द्या. फोन उचलणं, तारखा जुळवणं, न आलेल्याला पुन्हा फोन करणं हे काम ‘ज्याला वेळ असेल तो करेल’ यावर सोडलं तर होत नाही.

थेरपिस्टसाठी दोन दिवसांची कार्यशाळा पुरत नाही. कार्यशाळेनंतर काही महिने अनुभवी माणसाबरोबर दर आठवड्याला केसवर चर्चा झाली, तरच पद्धत अंगी मुरते. त्या चर्चेची व्यवस्था आधी करा, मग कार्यशाळेची तारीख ठरवा.

लष्करात न राहिलेल्या थेरपिस्टना थोडी ओळख करून द्यावी लागते: हुद्दे, तुकडी, पोस्टिंग, रजा, निवृत्तीनंतर अचानक सुटणारी शिस्त. पहिल्या भेटीत ‘तुम्ही कुणाला मारलंत का?’ असं विचारू नये, हे सांगायची गरज पडू नये असं वाटतं, पण सांगाच. ‘तुमचं काम काय होतं? सोबत कोण होतं?’ इथून सुरुवात होऊ शकते.

थेरपी घेऊन सावरलेला माजी सैनिक हा या कामातला सर्वांत भरवशाचा दुवा. तो वेटिंग रूममध्ये शेजारी बसतो, ‘मलाही तिसऱ्या सेशननंतर सोडून द्यावंसं वाटलं होतं’ असं सांगतो. जोडीदारांसाठीही अशीच एखादी जोडीदार हवी. त्यांना ऐकून घेण्याचं, गोपनीयतेचं आणि धोका ओळखण्याचं प्रशिक्षण द्या. नीट प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर सामान्य माणसंही किती करू शकतात, हे झिम्बाब्वेतल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या उपक्रमाने दाखवलं आहे. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये आरोग्य केंद्रांतल्या आज्यांना समस्या सोडवण्याची साधी पद्धत शिकवली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा नैराश्य-चिंतेवर स्पष्ट फायदा दिसला. ती ट्रॉमा थेरपी नव्हे. पण जोडीदारांच्या रोजच्या ताणासाठी असा आधार उभा राहिला, तर थेरपिस्टचे तास जास्त गरजूंसाठी मोकळे होतात.

पायरी ५: पहिला फोन कसा घ्यायचा

फोन बहुतेकदा जोडीदाराचाच येतो, आणि तो ‘त्यांच्यासाठी’ असतो.

‘नमस्कार, माझ्या मिस्टरांसाठी विचारायचं होतं. ते आर्मीत होते. पण ते येणार नाहीत, आधीच सांगते.’

‘हरकत नाही ताई. ते नाही आले तरी चालेल. तुम्ही आत्ता मोकळेपणाने बोलू शकता का, की नंतर फोन करू?’

हा दुसरा प्रश्न विसरू नका. शेजारच्या खोलीत ते असू शकतात. पुढे विचारायचं: आज तुम्ही आणि मुलं सुरक्षित आहात ना? त्यांनी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कधी बोलून दाखवलंय का? घरात हत्यार आहे का? ‘आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात विचार येईल’ ही भीती निराधार आहे, थेट विचारणंच योग्य.

आणि मग: ‘ताई, तुमची स्वतःची झोप कशी आहे?’

इथे पलीकडे शांतता पसरते. त्या शांततेत घाईने बोलू नका. बऱ्याच जणींना हा प्रश्न कुणीतरी पहिल्यांदाच विचारलेला असतो.

फोन ठेवण्यापूर्वी तिच्या हातात तीन गोष्टी पडायला हव्यात: तिच्या स्वतःच्या भेटीची तारीख, कोणाला भेटायचं त्याचं नाव, आणि त्याआधी काही झालं तर फिरवायचा नंबर. भेट आठवड्याभरात असावी. थेरपी लगेच सुरू होणार नसेल तर तसं स्वच्छ सांगा, पण मधल्या काळात दर आठवड्याला फोन करा.

नवरा येत नसेल तर त्याच्याशी बोलायचं कसं, हेही तिला शिकवता येतं. अमेरिकेत ‘कोचिंग इंटू केअर’ ही फोनसेवा नेमकं हेच करते. ‘तुम्हाला काहीतरी झालंय, डॉक्टरांना दाखवा’ या वाक्याला नकार ठरलेला असतो. त्याऐवजी शांत वेळ पाहून, आरोप न करता, डोळ्यांसमोरची एक गोष्ट बोलायची: ‘या आठवड्यात तुम्ही रोज रात्री उठून दारं तपासत होतात. मलाही झोप नाही. एकदा दोघं जाऊन नुसतं विचारून येऊ.’

पायरी ६: मोजा, पण थोडंच

दोन प्रश्नावल्या पुरेशा आहेत, दोन्ही मोफत. पीसी-पीटीएसडी-५ मध्ये आघाताचा प्रसंग आला होता का हे विचारून मग गेल्या महिन्याबद्दल पाच हो-नाही प्रश्न असतात. तीन-चार ‘हो’ आले की पुढची तपासणी. पीसीएल-५ मध्ये २० प्रश्न, एकूण गुण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं तर पीटीएसडीची शक्यता धरून तज्ज्ञांकडे पाठवतात. उपचार सुरू असताना ती पुन्हा भरून घ्या. गुण दहा किंवा त्याहून जास्त उतरले तर फरक पडतोय असं समजायला आधार आहे. अर्ध्या वाटेवर आकडा हललाच नसेल, तर थेरपिस्टशी पद्धत बदलण्याबद्दल बोला. जोडीदारालाही याच प्रश्नावल्या द्या. तिचे गुण त्याच्यापेक्षा जास्त निघाले तर आश्चर्य मानू नका.

पायरी ७: वाटेतले अडथळे एकेक करून काढा

लाज हा पहिला अडथळा. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, मानसिक त्रासाची लक्षणं असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी २३ ते ४० टक्क्यांनीच मदत घेतलेली होती, आणि ‘लोक मला कमकुवत समजतील’ ही भीती ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यातच जास्त होती. म्हणून केंद्राच्या पाटीवर ‘मनोरुग्ण’ हा शब्द नको. झोप, चिडचिड, घरातले वाद अशा शब्दांनी ओळख करून द्या. लोक त्याच कारणांनी येतात.

नोंदी कुठे जातात, हा दुसरा. सेवेतल्या किंवा नव्याने निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन, बढती, शस्त्रपरवाना यांची धास्ती असते. तुमच्या नोंदी कोण पाहू शकतं आणि कायद्याने तुम्हाला कोणत्या वेळी गोपनीयता मोडावी लागते, हे एका पानावर लिहून पहिल्याच भेटीत हातात द्या. तोंडी आश्वासन पुरत नाही.

अंतर आणि वेळ यावर व्हिडिओ सेशन हा चांगला उपाय आहे. घरी बसून घेतलेली व्हिडिओ थेरपी समोरासमोरच्या थेरपीइतकीच परिणामकारक असल्याचं माजी सैनिकांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. फक्त घरात बंद होणारी खोली आहे का, हे जोडीदाराला आधी विचारा. तिला बोलायला जागाच नसेल तर केंद्रातली एक खोली, एक स्क्रीन आणि हेडफोन तिच्यासाठी ठेवा. लहान मुलं असतील तर सेशनपुरतं त्यांना सांभाळायला कुणीतरी लागतं. त्या एका सोयीअभावी किती बायका येत नाहीत, हे अशा केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पीटीएसडी कोच हे मोफत ॲपही आहे, कुटुंबीयांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. वाट पाहण्याच्या काळात ते हाताशी असावं.

पायरी ८: धोक्याच्या वेळेची तयारी

पहिली व्यक्ती दारात येण्यापूर्वी हे तयार हवं. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तयार केलेली ‘सुरक्षा योजना’ एका कागदावर मावते: माझ्या धोक्याच्या खुणा कोणत्या, मी स्वतः काय करू शकतो, कुठे जाऊ शकतो, कोणाला फोन करू शकतो, तज्ज्ञांचे नंबर, आणि घर सुरक्षित कसं करायचं. शेवटचा मुद्दा सैनिकांच्या घरात सर्वांत महत्त्वाचा. बंदूक काही दिवस घराबाहेर, विश्वासू माणसाकडे किंवा कायद्याने चालेल अशा जागी ठेवता आली, तर तेवढा अवघड काळ निघून जातो. ‘बंदूक काढून घेतो’ म्हणू नका. ‘तुम्हाला बरं वाटेपर्यंत ती कुठे ठेवू या?’ असं विचारा. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची शिस्त त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असते, तिलाच हात घाला.

संकटकाळचे नंबर प्रत्येक कागदावर छापा. अमेरिकेत ९८८ फिरवून १ दाबल्यावर माजी सैनिकांची लाइन लागते, भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. आपल्या भागातला नंबर स्वतः फिरवून पाहा, कोण उचलतं, कुठल्या भाषेत बोलतं.

घरात मारहाण होत असेल तर पीटीएसडी हे स्पष्टीकरण असू शकतं, परवानगी नव्हे. जोडीदाराला वेगळं भेटा, निवारा आणि कायदेशीर मदत कुठे मिळते ते सांगा, आणि ‘तो आजारी आहे, समजून घ्या’ हे वाक्य तुमच्या केंद्रात कुणी उच्चारणार नाही याची खबरदारी घ्या.

पायरी ९: पैसा आणि जोडकाम

सगळं स्वतः उभारायला जाऊ नका. इंग्लंडमध्ये १९१९ पासून काम करणारी ‘कॉम्बॅट स्ट्रेस’ ही धर्मादाय संस्था सरकारी आरोग्यसेवेच्या बरोबरीने चालते. अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘गिव्ह ॲन अवर’ची कल्पना साधी होती: प्रत्येक थेरपिस्टने आठवड्यातला एक तास मोफत द्यायचा. असे तास मागताना एक अट घाला. एकदा माणूस स्वीकारला की ठरलेली सेशन्स पूर्ण करायची. चौथ्या सेशनला थेरपिस्ट बदलला तर तोवर कमावलेला विश्वास बहुधा सोबत येत नाही.

पायरी १०: मध्येच थांबलेल्यांना परत आणा

ट्रॉमा थेरपीत दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर स्वप्नं काही दिवस वाढू शकतात. हे आधीच सांगितलेलं नसेल तर माणूस ‘यानं तर आणखी बिघडलं’ म्हणून थांबतो, आणि घाबरलेली जोडीदारही ‘राहू द्या’ म्हणते. दोघांना आधी सांगा, आणि त्या आठवड्यांत मुद्दाम फोन करा.

न आलेल्याला त्याच दिवशी फोन जावा, जाब विचारणारा नव्हे: ‘आज तुमची वाट पाहिली. पुढच्या मंगळवारी तीच वेळ ठेवलीय.’ तीनदा उत्तर नाही आलं तर थेरपिस्टच्या सहीचं छोटं पत्र पाठवा. पाकिटावर संस्थेचं नाव नको. फाइल बंद करताना तिच्यावर लिहून ठेवा, की ही व्यक्ती पुन्हा आली तर वेटिंग लिस्ट नाही, नवा फॉर्म नाही, थेट भेट. आणि जोडीदाराची सेशन्स चालू असतील तर ती चालूच राहतील, हेही त्याच पानावर.